टाळं परवान्याला, पगाराला नाही

तोरणमाळचा घाट उतरणारा माणूस ऊसतोडीला गुजरातेत चालला असेल, नाहीतर आमचूर विकायला, असं सपाटीवरच्या लोकांना अजूनही वाटतं. ते खोटं नाही. पण आमच्याकडून खाली जाणाऱ्यांत आता आणखी काही मंडळी आहेत. शहादा, तळोदा, नंदुरबार, दोंडाईचा, पार धुळे-सुरतेपर्यंतच्या खासगी दवाखान्यांत रात्री बाराला जाऊन बघा. सलाईन बदलणारी सिस्टर, फरशी पुसणारी मावशी, स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, ऑपरेशनची हत्यारं उकळायला लावणारा पोरगा, यांतले कितीतरी जण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचे निघतील. लेगापाणीचे, सिंदीदिगरचे, आमच्या तोरणमाळचे.

मी त्यांतलीच. पावरा घरातली, आश्रमशाळेत शिकलेली, जीएनएम करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेली नर्स. सपाटीवरच्या एका गावात पंचवीस खाटांच्या दवाखान्यात मी काही वर्षं काढली. मग आरोग्य खात्याने त्या दवाखान्याची नोंदणी रद्द केली आणि दाराला सील लागलं. दवाखान्याचं नाव, गावाचं नाव मी लिहिणार नाही. चूक आमच्या डॉक्टर सरांची होती की खात्याची, यातही मला पडायचं नाही. ते त्यांच्या वकिलांनी बघावं. माझा प्रश्न साधा आहे. परवाना गेला सरांचा, तर पगार आमचा का जावा?

सर म्हणाले, "माझ्या हातात आता काही राहिलं नाही, सरकारला विचारा." सील लावायला आलेले साहेब म्हणाले, "तो तुमचा आणि डॉक्टरांचा आपसातला मामला." दोन्ही वाक्यं ऐकायला खरी वाटतात. पहिलं कायद्याने खोटं आहे आणि दुसरं अर्धंच खरं.

आधी सील लागतं कसं ते बघू. महाराष्ट्रात खासगी दवाखाना चालवायचा तर १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंद लागते. आमच्यासारख्या भागात ती सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून मिळते आणि दर तीन वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. ती रद्दही करता येते, पण एकाएकी नाही. आधी मालकाला पुऱ्या एका महिन्याची नोटीस द्यावी लागते, कारणं कळवावी लागतात, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आदेश निघाल्यावरही महिन्याभरात सरकारकडे अपील करता येतं. सोनोग्राफीचं प्रकरण वेगळं. १९९४च्या गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात लोकहितासाठी, कारणं लेखी नोंदवून, नोटीस न देताही नोंदणी निलंबित करता येते. तिसरा रस्ता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा. परिषदेने डॉक्टरचीच नोंदणी काही काळ थांबवली की एका डॉक्टरवर चालणारा दवाखाना आपोआप बसतो.

आमच्याकडे पहिला रस्ता झाला. म्हणजे सरांना महिनाभर आधीपासून ठाऊक होतं. त्या महिन्यात ॲडमिशन कमी झाल्या. महागडा मॉनिटर एका रात्री गाडीत घालून गेला. मॅडमनी औषधांचा साठा मेडिकलवाल्याला परत केला. आम्हाला सांगितलं ते एवढंच, की या वेळी पगार थोडा मागेपुढे होईल. ती नोटीस आम्हाला दाखवायला त्यांना कुणी भाग पाडलं नाही. या सगळ्या व्यवस्थेतलं मोठं भोक माझ्या मते हेच आहे: मालकाला कायदा महिनाभर अवधी देतो, आणि कामगाराला बातमी लागते ती सीलच्या लाखेचा वास आल्यावर.

त्या दिवशी माझा पगार आत अडकला याचं मला तेवढं वाटलं नाही, जेवढं माझ्या कागदांचं वाटलं. लहान दवाखान्यांत एक रीत आहे. नर्स नोकरीला लागली की तिची मूळ प्रमाणपत्रं "फाइलला लावतो" म्हणून ठेवून घेतात. खरं कारण असं की ती मधेच दुसरीकडे जाऊ नये. माझी बारावीची मार्कशीट, जीएनएमचं प्रमाणपत्र, परिषदेच्या नोंदणीचा मूळ कागद, सगळं सरांच्या केबिनच्या कपाटात आणि केबिनला सील. नवीन ठिकाणी मुलाखतीला गेले तर झेरॉक्सवर कुणी विश्वास ठेवीना. शेवटी ज्या कार्यालयाने सील लावलं त्याच कार्यालयात अर्ज दिला, की जप्त मुद्देमालात माझी खासगी कागदपत्रं आहेत, ती पंचासमक्ष काढून द्यावीत. मिळाली, पण तोवर तोरणमाळला घरी बसून मोहाची फुलं वेचायचा हंगाम माझ्या वाट्याला पुन्हा एकदा येऊन गेला. माझ्या मागून येणाऱ्या पोरींना मी सांगते, मूळ कागद दाखवायचा, सही घ्यायची आणि पिशवीत घालून घरी न्यायचा.

आता कायदा. दवाखान्यातल्या माणसांना "कामगार" म्हणायचं की नाही, यावर या देशात बरंच भांडण झालेलं आहे आणि त्याची सुरुवात मुंबईतच झाली. जे. जे. रुग्णालयाच्या समूहातल्या दोन वॉर्ड सर्व्हंटना नोकरीतून कमी केलं, पण कायद्याप्रमाणे द्यायची भरपाई दिली नाही. त्यांची बाजू हॉस्पिटल मजदूर सभेने लढवली. सरकारचं म्हणणं होतं की रुग्णालय म्हणजे काही गिरणी नव्हे, तिथे औद्योगिक विवाद कायदा कसा लागेल? १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लागतो. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. मुंबईतल्या वॉर्डातल्या दोन बायांच्या भांडणामुळे भारतभरच्या मावश्या आणि वॉर्डबॉय कामगार ठरले, ही गोष्ट आम्हाला नर्सिंगच्या कोर्समध्ये कुणी शिकवली नाही.

दोनच वर्षांनी, १९६२मध्ये, त्याच न्यायालयाने वकिलांच्या ऑफिसांना मात्र वेगळा न्याय लावला. मुंबईच्या परेरा फाजलभॉय या सॉलिसिटर कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला होता. न्यायालय म्हणालं, सॉलिसिटरचा सल्ला ही त्याच्या बुद्धीची गोष्ट, कारकुनाच्या किंवा टायपिस्टच्या कामाशी तिचा थेट संबंध नाही, तेव्हा हा उद्योग नव्हे. मला हे वाचून हसू आलं. आमचे सर रोज म्हणायचे, सिस्टर, तुम्ही नसाल तर माझं ऑपरेशन होणार नाही. वकिलाचा टायपिस्ट एक दिवस आला नाही तर काय होतं हे कुठल्याही कोर्टाच्या आवारात बघावं.

मग १९७० साली रुग्णालयांबद्दलचं मतही न्यायालयाने फिरवलं आणि १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या गाजलेल्या निकालात सात न्यायाधीशांनी ते पुन्हा सरळ केलं. जिथे मालक आणि नोकर मिळून पद्धतशीरपणे लोकांना सेवा पुरवतात तिथे उद्योग आहे, मग ते रुग्णालय असो की व्यावसायिकाचं ऑफिस. एकट्या वकिलाने किंवा डॉक्टरने एखादा मदतनीस ठेवला असेल तर तो बाहेर राहू शकतो, एवढी पळवाट तिथे आहे. या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाने करावा असं २०१७ मध्ये ठरलं. आमच्यासारखीला यातलं एवढंच कळलेलं पुरतं: पंचवीस खाटा, पाळ्या, फीचा बोर्ड आणि चौदा माणसं असलेला खासगी दवाखाना या व्याख्येत बसतो.

एकदा तो बसला की औद्योगिक विवाद कायद्याचं २५-एफएफएफ हे कलम येतं. नाव वाचून बल्ब फ्यूज झाल्यासारखं वाटतं, पण आमच्या कामाचं सगळ्यात मोठं कलम हेच. मालकाने धंदा बंद केला, कारण कुठलंही असो, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावाच लागतो. वर्षातले २४० दिवस भरले की सलग वर्ष धरतात. मालकाला एक सवलत आहे. बंद पडण्याचं कारण टाळता न येणारं आणि त्याच्या हाताबाहेरचं असेल, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर जात नाही.

सरांचं "माझ्या हातात काही राहिलं नाही" हे वाक्य नेमकं या सवलतीकडे बोट दाखवणारं होतं. त्यांना ते वकिलानेच शिकवलं असणार. पण कलमाच्या खालीच खुलासा छापलेला आहे, की अमुक कारणं हाताबाहेरची धरायची नाहीत. त्यात पैशाची अडचण आहे, न विकलेला माल आहे, आणि तिसरं कारण चक्क परवान्याची किंवा भाडेपट्ट्याची मुदत संपणं हे आहे. आता मुदत संपणं आणि परवाना रद्द होणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला मान्य. कलमात "रद्द" हा शब्द नाही. पण परवान्याची मुदत आपली आपण संपली तरी जो मालक "माझा नाइलाज होता" म्हणू शकत नाही, तो स्वतःच्या कसुरीने परवाना गेल्यावर कुठल्या तोंडाने म्हणणार? विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या आमच्या वकील मॅडमनी हाच मुद्दा धरला.

हिशेब मांडून दाखवते, म्हणजे हवेतलं वाटणार नाही. आमच्याकडच्या थोरल्या मावशीला नऊ वर्षं झाली होती आणि पगार ७,००० रुपये. (हा किमान वेतनाच्या खाली होता. तो वेगळा दावा, पण इथे मिळत होता तोच पगार धरते.) दोन महिन्यांचा थकलेला पगार १४,०००. नोटिशीऐवजी एक महिन्याचे ७,०००. नऊ वर्षांची भरपाई, दर वर्षाला अर्धा महिना, ३१,५००. वर ग्रॅच्युइटी. तिचा हिशेब महिन्याचे २६ दिवस धरून होतो: ७,००० ला २६ ने भागून पंधरा दिवसांनी आणि नऊ वर्षांनी गुणायचं, ३६,३४६ रुपये. सगळं मिळून ८८,८४६. सरांनी सीलच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात ५,००० ठेवले आणि "हिशेब पुरा मिळाला" अशा छापील कागदावर अंगठा मागितला. मावशी म्हणाली, "सर, चष्मा घरी राह्यला." नऊ वर्षांत मी तिला चष्मा लावलेलं कधी बघितलं नव्हतं.

अंगठा न देण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे राजीनामा न देणं. सील लागलं की मालकाची पहिली धडपड राजीनामे गोळा करायची असते. "देऊन टाका, म्हणजे दुसरीकडे जायला मोकळे व्हाल." राजीनामा दिला की दवाखाना बंद झाल्यामुळे नोकरी गेली हे म्हणणंच संपतं आणि भरपाई बुडते. आणि परवाना तात्पुरता निलंबित असेल तर नोकरी मुळात संपलेलीच नसते. तेव्हा दोन ओळी लिहून मालकाला पाठवायच्या, की मी कामावर हजर राहायला तयार आहे, पगार आणि पुढचं काय ते लेखी कळवा. पोस्टाची पावती जपायची. पत्र "घेत नाही" असा शेरा मारून परत आलं तर पाकीट फोडायचं नाही, तसंच ठेवायचं.

ग्रॅच्युइटीपाशी खरी मारामारी झाली. तो कायदा १९७२चा आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लागतो. पाच वर्षं नोकरी पुरी हवी, आणि देणं झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम मिळायला हवी. सरांच्या हजेरीपुस्तकात माणसं होती आठ. चौदा माणसांचा दवाखाना आठांवर कसा चालतो? लॅबवाला मुलगा "स्वतःचा धंदा करतो", मेडिकलमधले दोघे मॅडमच्या दुकानाचे, दोन मावश्या "रोजंदारीच्या, कधीतरी येणाऱ्या", ड्रायव्हर घरचा. ही कारागिरी एकट्या आमच्या सरांची नाही. खाली जाऊन चार दवाखान्यांत विचारा. दहाच्या आत राहिलं की ग्रॅच्युइटी नाही, ईएसआय नाही. वीसच्या आत राहिलं की भविष्य निर्वाह निधी नाही. आम्हाला पीएफ नव्हताच, कारण चौदाच होतो. ज्यांना असतो त्यांनी यूएएन क्रमांक आणि पासबुक आधी बघावं, कारण पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत असं निघालं तर तो नुसता थकलेला हप्ता राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. ईएसआयचं कार्ड असेल त्यांना आणखी एक वाट आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत आस्थापना बंद पडल्यामुळे बेकार झालेल्याला, पुरेसा काळ वर्गणी भरलेली असेल तर, पहिलं वर्षभर पगाराच्या निम्मी आणि दुसऱ्या वर्षी पाव रक्कम भत्ता मिळू शकतो. ही योजना २००५पासून आहे. मी विचारलं त्या दहा सिस्टरांपैकी एकीलाही माहीत नव्हती.

दवाखाने काय, बँका काय, वकिलांच्या कंपन्या काय, नियंत्रक टाळं लावतो ते गिऱ्हाइकाला वाचवायला. ते बरोबरच आहे. २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपातात एका बाईचा जीव गेला. तो दवाखाना चालू राहावा असं कोण म्हणेल? २०१९मध्ये न्यायालयाने मुंडे पती-पत्नीला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या प्रकरणाच्या बातम्या मी शोधून शोधून वाचल्या. तिथे झाडू मारणाऱ्या बाईच्या शेवटच्या पगाराबद्दल मला काही सापडलं नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२मध्ये परवाना गेला. ठेवीदाराला तिथे पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच होतं. ऑक्टोबर २०१२मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने किंगफिशरचा परवाना निलंबित केला, तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार आधीच कित्येक महिने थकले होते. प्रवाशाला तिकिटाचे पैसे मागायचे तरी कुठे हे ठाऊक असतं.

विलायतेत ऑक्टोबर २०२३मध्ये ॲक्सिअम इन्स नावाची वकिलांची मोठी कंपनी तिथल्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने बंद केली. अशिलांच्या खात्यातले सहा कोटी पौंडांहून अधिक पैसे जागेवर नव्हते. सुमारे १,४०० माणसं एका झटक्यात घरी बसली. त्यांचेही हाल झाले. पण तिथे मालक बुडाला तर थकलेल्या पगाराचा काही भाग आणि नोकरी गेल्याची ठरावीक भरपाई सरकारच्या राष्ट्रीय विमा निधीतून मिळते, आणि मग सरकार मालकाच्या मालमत्तेतून ती वसूल करायला बघतं. आपल्याकडे असा निधी नाही. ठेवीला विमा आहे, पगाराला नाही. मला विचाराल तर सिव्हिल सर्जनच्या आदेशाची एक प्रत जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याला जावी, आणि एका महिन्याची नोटीस दवाखान्याच्या दारावर लागावी. याला निधी लागत नाही, शिपाई आणि डिंक पुरतो.

सहा-आठ महिन्यांनी आणखी एक गंमत झाली. त्याच इमारतीवर नवा बोर्ड लागला. डॉक्टर सरांच्या नात्यातले, नोंदणी नवी, खाटा त्याच, फरशीवरचे डागही तेच. आम्हाला फोन आले, "या परत, नवी जॉइनिंग देतो." नवी जॉइनिंग म्हणजे जुनी नऊ वर्षं शून्यावर. यालाही कलम आहे. धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर एक तर नव्या मालकाने सेवा अखंड धरायची, अटी पहिल्याहून वाईट करायच्या नाहीत, पुढे कधी कमी केलं तर जुनी वर्षंही मोजून भरपाई द्यायची. नाहीतर जुन्या मालकाने बंद केल्यासारखी भरपाई आत्ता द्यायची. दोन्हींतून सुटका नाही. आमच्यातले काही जण परत गेले. घर चालवायचं असतं, त्यांना मी नावं ठेवत नाही. एका वॉर्डबॉयने मात्र जॉइनिंगच्या कागदावर सही करताना खाली हाताने लिहिलं, "पूर्वीची सेवा कायम ठेवून." नव्या डॉक्टरांनी ते वाचलंच नाही. तो कागद आज सोन्याच्या मोलाचा आहे.

हे सगळं जुन्या कायद्यांचं झालं. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, वेतन प्रदान कायदा, ग्रॅच्युइटी कायदा त्यांत विलीन झाले. आमचं प्रकरण आधीचं, म्हणून ते जुन्या कलमांवर चाललंय. यापुढे ज्यांच्या दवाखान्याला टाळं लागेल त्यांनी नवी कलमं मागावीत. बंद पडल्यावरची भरपाई औद्योगिक संबंध संहितेच्या ७५व्या कलमात आली आहे, पंधरा दिवसांचा हिशेब तोच, परवान्याच्या मुदतीचा खुलासाही तोच. वेतन संहितेत मला दोन गोष्टी आवडल्या. आस्थापना बंद झाल्यामुळे नोकरी गेली तर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करायचा, आणि दावा करायला तीन वर्षं मुदत. पगार दिला हे सिद्ध करायचं ओझंही मालकावर टाकलंय. जिथे पाकिटातून रोख पगार मिळतो तिथे हे फार मोठं आहे. एक गोष्ट मात्र खटकते. धर्मादाय, सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांची रुग्णालयं नव्या व्याख्येने "उद्योगा"तून बाहेर काढली आहेत. ट्रस्टच्या दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरने हे आधी तपासून घ्यावं. पगाराचा हक्क तिथेही राहतो, भरपाईचा वाद होऊ शकतो.

लोक विचारतात, बोगस डॉक्टरकडे कामाला असणाऱ्यांचं काय? आमच्या सातपुड्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. वेतनाच्या कायद्यात मालकाची व्याख्या आहे ती कामावर ठेवणारा माणूस अशी. त्याची पदवी तिथे कुणी विचारत नाही. झाडलोट केलीस, केसपेपर काढलेस, त्या कामाचा पगार माग. पण डॉक्टर खोटा आहे हे माहीत असून सुया टोचल्यास, तर पगाराआधी वकील शोध.

वकिलाच्या फीला घाबरून आमची माणसं दारातूनच परत फिरतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला, आदिवासीला आणि औद्योगिक कामगाराला सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई आणि आदिवासी यांना तर उत्पन्नाचा दाखलाही आड येत नाही. मावशी तिन्हींत बसते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १५१०० हा फोन आहे. फोन म्हटलं की मात्र तोरणमाळ आडवं येतं. यशवंत तलावाच्या बाजूला रेंज धरते, खाली पाड्यात उतरलं की जाते, आणि सगळ्या सरकारी पोर्टलना ओटीपी हवा. एकीचा ओटीपी यायला म्हणून आम्ही तिघी तलावाच्या काठावर मोबाइल वर धरून उभ्या राहिलेल्या बघून पर्यटकांना वाटलं, सेल्फी काढतोय.

मावशीने आधी सरांना ग्रॅच्युइटीचा "फॉर्म आय" पाठवला, सर गप्प बसले, म्हणून नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे "फॉर्म एन" दाखल केला. तिथे सरांच्या वकिलांनी उत्तर दिलं की ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती, आणि आमच्याकडे माणसंच आठ, तेव्हा कायदा लागत नाही. मावशीकडे जॉइनिंग लेटर नाही, बँकेत पगार नाही, हजेरीपुस्तकात नाव नाही. वकील मॅडमनी विचारलं, सील लावताना कुणी काही लिहून घेतलं होतं का? घेतलं होतं. हजर असलेल्या सगळ्यांची नावं, काम आणि सह्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आम्ही त्या पंचनाम्याची प्रत मागवली. तिसऱ्या पानावर चौदा नावं आहेत. अकरावं मावशीचं, पुढे "सफाई कर्मचारी, सुमारे नऊ वर्षांपासून" आणि अंगठा. त्याखाली दवाखान्याचे मालक म्हणून सरांची स्वतःची सही.

ग्रॅच्युइटीचा आदेश व्याजासह मावशीच्या बाजूने झाला. भरपाईचा दावा कामगार न्यायालयात चालू आहे. आदेश झाला तरी पैसे हातात आलेले नाहीत, कारण सरांनी भरले नाहीत. अशा वेळी प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवतात आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठी मालकाच्या नावावर कुठे काय आहे हे दाखवावं लागतं. मावशीचा मुलगा सध्या तलाठ्याच्या आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयात खेपा घालून सरांच्या दोन प्लॉटचे उतारे काढतोय. एकाचा मिळालाय, दुसऱ्यावर सर्व्हे नंबर चुकीचा पडलाय.